दुःखाच्या वर्षातली चांदणी



नाताळ होऊन गेला, नवीन वर्षही लागलं. दारांवरच्या चांदण्या मात्र अजून उतरलेल्या नाहीत. सहा जानेवारीपर्यंत, मागी लोकांच्या सणापर्यंत, त्या आपल्याकडे राहतात. आमच्या दारावरची चांदणी यंदा पांढरी आहे. उपासना सुटल्यावर चर्चच्या आवारात निदान दहा-बारा जणींनी मला तिच्याबद्दल विचारलं. काहींचा प्रश्न होता, "पांढरी का गं?" आणि काहींचा, जरा दबक्या आवाजात, "लावलीत होय यंदा?" हा दुसरा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. हातात चहाचा कप घेऊन उभ्या-उभ्या त्याचं उत्तर देता येत नव्हतं, म्हणून इथं लिहिते.

ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगते. माझे सासरे, आमचे पप्पा, गेल्या ऑगस्टच्या मध्यावर प्रभूघरी गेले. मराठी शाळेतले निवृत्त शिक्षक, आणि रविवारच्या उपासनेत पेटीवर बसणारे. आमच्या लग्नाला पाच वर्षं झाली. मला या घरात आणि या मंडळीत रुळवलं ते त्यांनीच. माझं माहेर नगरचं. नगरहून बेळगावात आलं की पहिले काही महिने भाषा आपलीच असूनही जरा परकी वाटते. बोलण्यात जागोजाग "की" येतो, गल्लीत अर्धी मंडळी कानडी बोलतात, आणि नाताळच्या दिवशी चर्चमध्ये मराठी, कानडी, इंग्रजी अशी सगळी गाणी ऐकू येतात. पप्पा मला शेजारी बसवून कानडी गाण्याचा अर्थ हळूच सांगायचे.

आपल्याकडे, म्हणजे बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात आणि नगरकडेही, ज्या घरात वर्षभरात माणूस गेलं त्या घरात सण करत नाहीत. हिंदू शेजाऱ्यांकडे दिवाळीला कढई चढत नाही, आकाशकंदील लागत नाही, फराळाचं शेजारपाजारचे आणून देतात. आपल्या ख्रिस्ती घरांतही तेच. करंज्या नाहीत, चकल्या नाहीत, केक नाही, नवे कपडे नाहीत, चांदणी नाही. कुणी लिहून ठेवलेला नियम नाही हा. पाळकसाहेब सांगत नाहीत, शास्त्रात नाही. तरीही सगळ्यांना पाठ आहे. गल्लीतून जाताना ज्या ख्रिस्ती घरावर चांदणी नाही, तिथं आपण न विचारता समजतो.

या रीतीला नावं ठेवायला मी बसलेली नाही. दुःखी माणसाला वर्षभर मोकळीक देणं, त्याच्याकडून हसण्याची अपेक्षा न करणं, यात शहाणपण आहे. गणेश चतुर्थी पप्पांच्या जाण्यानंतर थोड्याच दिवसांत आली. आमच्या समोरच्या घरी गणपती बसतो आणि दरवर्षी त्यांचा स्पीकर सकाळपासून चालू असतो. यंदा त्यांनी स्पीकर लावला नाही. आम्ही सांगितलं नव्हतं. आरती झाली ती नुसत्या टाळ्या आणि झांजांवर. अशा रीतीला अंधश्रद्धा म्हणून झटकून टाकणारी भाषणं मला सहन होत नाहीत.

पण नाताळ जवळ येऊ लागला तसा प्रश्न घरातच उभा राहिला. आमची चांदणी बाजारची नसते. पप्पा ती दरवर्षी स्वतः करायचे. बुरुडाकडून बांबूच्या कामट्या आणायच्या, दहा लांब आणि पाच आखूड. पाच-पाच लांब कामट्यांचे दोन तारे बांधायचे, ते एकमेकांवर ठेवून टोकं घट्ट आवळायची, आणि जिथं कामट्या एकमेकींना छेदतात त्या पाच जागी आखूड काड्या आत सरकवायच्या. मग चपटा तारा फुगून पोटाचा होतो आणि आत दिवा मावतो. त्यावर पतंगाचा कागद. डिंक नाही वापरायचा, मैद्याची खळ शिजवायची आणि झुरळांनी कुरतडू नये म्हणून तिच्यात किंचित मोरचूद घालायचं. सांगाडा चांगला बांधला तर चार-पाच वर्षं टिकतो, कागद तेवढा बदलायचा. गेल्या वर्षीचा सांगाडा माळ्यावर आहे हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. कुणी माळ्याचं नाव काढत नव्हतं.

आगमनकाळाचा पहिला रविवार यंदा ३० नोव्हेंबरला आला. त्या संध्याकाळी आई, म्हणजे माझ्या सासूबाई, भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "यंदा चांदणी नको हं. लोक काय म्हणतील, चार महिने झाले नाहीत तर दिवे लावले." ह्यांनी मान हलवली. मीही काही बोलले नाही. ते घर त्यांचं, नवरा त्यांचा गेलेला. आमची चिऊ चार वर्षांची आहे, तिनं मात्र रोज विचारायला सुरुवात केली. तिला काय सांगायचं ते आम्हा तिघांनाही सुचत नव्हतं.

याच दिवसांत घरी भेटायला येणाऱ्यांपैकी काहींनी आईंना पौलाचं वचन ऐकवलं, पहिल्या थेस्सलनीकाकरांस पत्रातलं, चौथ्या अध्यायातलं. आशा नसलेल्या लोकांसारखा खेद करू नका, अशा आशयाचं. ऐकवणाऱ्यांचा हेतू चांगलाच असणार. पण मी स्वयंपाकघरातून आईंचा चेहरा पाहत होते. त्यांना ते सांत्वन वाटलं नाही, रडल्याबद्दल कानउघाडणी केल्यासारखं वाटलं. माझं स्पष्ट मत आहे की ते वचन असं वापरू नये. पौलानं रडायला बंदी केलेली नाही. थेस्सलनीकातले लोक आपल्या मेलेल्या माणसांचं काय होणार या काळजीत होते, त्यांना तो धीर देत होता. आणि प्रभू स्वतः लाजराच्या कबरेपाशी रडला. थोड्याच वेळात तो लाजराला उठवणार होता, तरीसुद्धा रडला. योहानाचा अकरावा अध्याय पुन्हा वाचा.

नाताळाची गोष्टही आपण नाटुकल्यात बसवतो तेवढी गोड नाही. रविवारच्या शाळेच्या मुलांकडून मी दरवर्षी ती बसवून घेते. मेंढपाळ येतात, मागी येतात, पडदा पडतो. मत्तयाचा दुसरा अध्याय तिथं थांबत नाही. तारा पाहून आलेले लोक परत जातात आणि मागोमाग बेथलेहेमात हेरोदाच्या शिपायांचा हाहाकार होतो. लेकरांसाठी रडणारी आणि सांत्वन नाकारणारी राहेल मत्तयानं त्याच पानावर ठेवली आहे. ज्या अध्यायात तारा आहे त्याच अध्यायात रडणं आहे. त्यामुळे दुःखाच्या घरावर चांदणी शोभत नाही हे म्हणणं मला शास्त्राच्या दृष्टीनं तरी पटत नाही. अर्थात हे मी आईंना सांगितलं नाही. सुनेनं सासूला अध्याय-वचनं दाखवून जिंकायची ही गोष्ट नव्हे.

खरी अडचण चांदणीपेक्षा खोल होती, ती दुसऱ्या रविवारी कळली. आपल्या मंडळीत आगमनकाळाच्या चार रविवारी चार कुटुंबं पुढे येऊन मेणबत्ती लावतात. दुसरा रविवार, शांतीच्या मेणबत्तीचा, बरीच वर्षं आमच्या घराकडे आहे. पप्पा आणि आई पुढे जायचे. आदल्या शुक्रवारी पाळकबाई घरी आल्या, बसल्या, चहा घेतला आणि सहज विचारलं, "यंदा तुम्ही आणि नात मिळून लावाल ना?" आई म्हणाल्या, "मुलगा-सून लावतील की. विधवेच्या हातानं कशाला?"

पाळकबाई गप्प झाल्या. मी पण. ख्रिस्ती घर, आईंच्या आजोबांच्या वेळेपासूनचं. आईंनी मंगळसूत्र उतरवलं नव्हतं, कपाळाला कुंकू आधीही नव्हतं, आणि आमच्याकडे कुणी त्यांना काही वर्ज्य केलं नव्हतं. तरीही शब्द आला तो हाच. त्यांनी स्वतःला बाजूला काढलं होतं, आणि आजवर मला ते दिसलं नव्हतं कारण त्या काही मागत नव्हत्या. लग्नात हळद लावायच्या वेळी काही बायका आपण होऊन मागच्या रांगेत सरकतात, ते मी लहानपणापासून नगरला पाहिलेलं आहे. ख्रिस्ती लग्नांतच पाहिलेलं आहे. कुणी त्यांना "मागे व्हा" म्हणत नाही. पण "पुढे या" असंही कुणी म्हणत नाही.

आपल्या मराठी मंडळ्यांना या बाबतीत विसर पडणं शोभत नाही. पंडिता रमाबाईंचं लग्न १८८० सालचं, १८८२ साली पती गेले, पदरात तान्ही मनोरमा. पुढं १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं ते प्रामुख्यानं अशाच बायकांसाठी, ज्यांना घरात असून जागा नव्हती. त्यानंतर केडगावचं मुक्ती मिशन. त्यांनी मूळ भाषांवरून केलेला बायबलचा मराठी तरजुमा. हे सगळं एका विधवेच्या हातचं. लक्ष्मीबाई टिळकांचं तसंच. रेव्हरंड टिळक १९१९ मध्ये गेले तेव्हा 'ख्रिस्तायन' अपुरं होतं. ज्या बाईनं लहानपणी शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं तिनं पुढचे अध्याय लिहायला घेतले, आणि आज त्या ग्रंथाचा बराच मोठा भाग तिचा आहे. आपण या दोघींच्या नावानं भाषणं करतो, महिला मंडळात त्यांच्यावर निबंध वाचतो.

आणि लूकाच्या दुसऱ्या अध्यायातली हन्ना. बाळ येशूला मंदिरात आणलं तेव्हा शिमोनाबरोबर तिथं ही संदेष्ट्री होती. फनूएलाची मुलगी, आशेर वंशातली. लग्नानंतर सात वर्षंच नवऱ्याचा सहवास मिळालेली, आणि आता चौऱ्याऐंशीचा आकडा लूकानं तिच्यापुढे मांडलेला. ती मागच्या रांगेत नव्हती. बाळाबद्दल तिथल्या लोकांना सांगणाऱ्यांत ती होती. आपल्या नाटुकल्यात तिला कधी भाग मिळत नाही, कारण नाटक गोठ्यातच संपतं. पुढच्या वर्षी मी तो प्रवेश घालणार आहे. पोशाखाला एक पांढरी ओढणी पुरेल.

तर दुसऱ्या रविवारी, सात डिसेंबरला, मेणबत्ती आम्ही दोघांनी चिऊला घेऊन लावली. आई तिसऱ्या बाकावर बसून राहिल्या. पाळकबाईंनी त्यांना आग्रह केला नाही. ते बरं झालं असं मला वाटतं.

घरी आल्यावर दोन-तीन दिवसांनी हे माळ्यावर चढले आणि सांगाडा खाली काढला. का काढला ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. एका टोकाची दोरी सुटलेली होती. ती बांधत बसले. आई समोर येऊन उभ्या राहिल्या, बघत. मग म्हणाल्या, "तसं नाही. ते आधी ओली करायचे दोरी. सुकली की आवळते." इतकं बोलून आत गेल्या. थोड्या वेळानं आतून मैदा शिजल्याचा वास आला. खळ त्यांनीच केली होती, मोरचूद घालून. वाटी ह्यांच्यापुढे ठेवून म्हणाल्या, "लाल कागद नको. पांढरा आणा."

एवढंच आहे पांढऱ्या चांदणीचं. ती तिसऱ्या रविवारी लागली. फराळ आम्ही केला नाही, आईंची ती इच्छा होती आणि त्यात कुणी मोडता घातला नाही. सगळंच ठेवायचं किंवा सगळंच टाकायचं अशी काही सक्ती नाही हे मला या निमित्तानं पहिल्यांदा नीट कळलं. बावीस तारखेला समोरच्या काकू तीन डबे घेऊन आल्या. चकली, बेसनाचे लाडू आणि बाजारातला कुंदा. "तुमच्याकडे यंदा कढई नाही ना, म्हणून आणलं," म्हणाल्या. आपला सण त्यांनी त्यांच्या रीतीनं राखला होता. डबा रिकामा परत देत नाहीत. आईंनी तिन्ही डब्यांत साखर घालून परत दिले, आणि जाताना काकूंना म्हणाल्या, "गणपतीत तुम्ही स्पीकर लावला नाही, ते लक्षात आहे हं माझ्या."

चौथ्या रविवारची गोष्ट राहिली. मंडळीतल्या एक आजी आहेत, ऐंशीच्या पुढच्या, तीसएक वर्षांपूर्वी पती गेले त्यांचे. पाळकबाईंनी त्यांच्या कानावर आमच्या घरचं घातलं असावं. त्यांनी महिला मंडळाच्या बैठकीत सांगून टाकलं की चौथी मेणबत्ती, प्रीतीची, यंदा कुटुंबाकडे न देता आम्हा बायांकडे द्या. आम्हा म्हणजे ज्यांचे नवरे गेले त्या. नावं त्यांनीच घेतली: स्वतःचं, आणखी एकीचं आणि आईंचं. बैठकीत जरा कुजबुज झाली. एक बाई म्हणाल्या, "अशी वेगळी रांग कशाला करायची, उलट जास्त दिसून येईल." मुद्दा चुकीचा नव्हता. आजी म्हणाल्या, "दिसू दे की."

२१ डिसेंबरला तिघी पुढे गेल्या. एकटीला बोलावलं असतं तर आई उठल्या नसत्या, याची मला खात्री आहे. आजींचा हात धरायला कुणीतरी हवं होतं, म्हणून त्या उठल्या. पुढे पोचल्यावर काडी आजींनी ओढली, पण वात आईंनी लावली. पेटीवर यंदा एक तरुण मुलगा बसतो, पप्पांकडेच शिकलेला. तो नेहमीच्या वेळेपेक्षा थोडा जास्त वेळ वाजवत राहिला.

आता कॅरलविषयी, कारण ते माझ्याकडे आहे आणि पुढच्या वर्षी तरुण संघातल्या नव्या मुलांना हे लागेल. दोन वर्षं मी घरांची यादी करते. यादी हातात आली तेव्हाच त्यात रीत होती की दुःखाच्या घरांवर फुली. ढोलकी-डफली घेऊन जायचं नाही, त्यांना अवघडल्यासारखं होईल, म्हणून. हेतू काळजीचाच. पण यंदा मी आतल्या बाजूनं पाहिलं. गल्लीच्या टोकाला गाणं ऐकू येतं, जवळ येतं, आणि आपल्या दाराशी न थांबता पुढं जातं, हे कसं वाटेल याचा विचार करा. विशेषतः ज्या घरातला माणूस वीस-पंचवीस वर्षं त्याच टोळीबरोबर पेटी गळ्यात अडकवून फिरला, त्या घरात.

तेव्हा यंदा फुली मारण्याऐवजी फोन केले. मंडळीत या वर्षी चार घरांत माणसं गेली. विचारलं फक्त एवढंच: यावं का, आणि आलो तर कसं यावं? एका घरानं सांगितलं, नेहमीसारखे या, ढोलकीसकट, आमच्या मुलाला आवडायची. एका घरानं सांगितलं, या, पण वाद्यं नकोत, एकच गाणं म्हणा. तिसरं घर आमचं. आई म्हणाल्या, "येऊ देत की, पोरं गारठलेली असतात, चहा ठेवीन." तेवीसच्या रात्री ते आले, बेळगावची थंडी होतीच, आणि त्यांनी दोन गाणी म्हटली, एक मराठी, एक कानडी. कानडीचा अर्थ चिऊला आईंनी सांगितला.

चौथ्या घरानं नको म्हटलं. अजून जमणार नाही, म्हणाल्या त्या ताई, आणि रडल्या. त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी आम्ही गाणं थांबवलं आणि त्यांच्या घरावरून गप्प चालत गेलो, बॅटऱ्या खाली करून. फाटकापाशी एका मुलानं घरून आणलेला केकचा डबा ठेवला. दोन दिवसांनी तो डबा चर्चमध्ये परत आला. आत पेरू होते.